पिकपवाले हमीदभाई

हमीदभाई माझ्या मोटारसायकलवर पहिल्यांदा बसले तेव्हा त्यांनी आधी खांद्यावरचं फडकं काढून स्पीडोमीटरवर गुंडाळलं. गाडी सात महिन्यांची होती. ती चढावर दमते अशी मला शंका होती, म्हणून मी मंगरूळपीरच्या मानोरा रस्त्यावर असलेल्या त्यांच्या गॅरेजात गेलो होतो. मला मागे बसवून त्यांनी गाडी दोनेकशे मीटर नेली, वळवून परत आणली आणि उतरून म्हणाले, "इंगोले साहेब, गाडीले पिकप नाई."

किती वेगाने नेली, असं मी विचारलं. मला आकडा लागतो. जमीन मोजणीच्या कामात माझी सव्वीस वर्षं गेली आहेत आणि अंदाजे हा शब्द मी फक्त पावसाबद्दल वापरतो. हमीदभाईंनी गुंडाळलेल्या फडक्याकडे बोट दाखवलं. वेग त्यांनी पाहिलाच नव्हता. त्यांचं सगळं लक्ष स्वतःच्या शर्टाकडे होतं. मागे बसलेला माणूस आधाराला शर्ट धरतो, आणि गाडी उठली की शर्ट मागे ओढला जातो. माझ्या हातून तो पाहिजे तेवढा ओढला गेला नव्हता.

"स्पीड कोणाले समजत नाई, साहेब," ते म्हणाले. "गाडी साठवर चालून राह्यली तं मागचा माणूस डुलक्या घेते. झिरोतून साठवर गेली तं तोच माणूस कलमा पढते. मंग त्याले लागलं काय? साठ नाई लागली. वाढली, ते लागलं."

शाळेत मी हेच त्वरण नावानं शिकलो होतो. वेगातला बदल भागिले लागलेला वेळ. पाचपैकी पाच गुण होते मला त्या प्रश्नाला. पण ते काय असतं हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी, एका मेकॅनिकचा ग्रीस लागलेला शर्ट मुठीत धरून कळलं.

माणूस किरकोळ होता. वजन किती म्हणाल तर त्यांच्या मते अठ्ठेचाळीस किलो आणि अडतीच्या काट्यावर मी उभं केलं तेव्हा एक्कावन्न. तीन किलो खिशातले पाने असतील, असं त्यांचं म्हणणं. आणि खिसे रिकामे करून पुन्हा उभे राहायला ते काही तयार झाले नाहीत. डाव्या गुडघ्याची कुरकुर असल्यामुळे चालताना ते किंचित त्या बाजूला झुकत. ते घाईत असलेले मी कधी पाहिले नाहीत. पण जगातल्या प्रत्येक गोष्टीला ते पिकपच्या मापानं मोजत. नवा जावई, उन्हाळ्यातली तूर डाळ, शेजारच्या हॉटेलातला स्टोव्ह, कोणाला पिकप आहे आणि कोणाला नाही हे ते सांगून टाकत. त्यांच्या बायकोबद्दल, म्हणजे रुखसानाभाभींबद्दल, ते त्यांच्यासमोरच म्हणत की बेगमच्या रागाला पिकप नाही, टॉप स्पीड आहे. उशिरा सुरू होतो पण एकदा लागला की घाट उतरेपर्यंत थांबत नाही. भाभी आतूनच म्हणत, की तुमच्या कामाला तर दोन्ही नाही.

एकदा आम्ही दोघं काळीपिवळी जीपमधून जऊळक्याला रेल्वे धरायला निघालो होतो. निघता निघता कोणीतरी खिडकीतून चहाचे दोन पेले आत दिले आणि जीप हलली. माझ्या पँटवर पहिल्याच झटक्यात डाग पडला. हमीदभाईंच्या पेल्यातला चहा काठाशी होता तरी जागचा हलेना. मी निरखून पाहिलं तर त्यांची नजर पेल्याकडे नव्हतीच, ड्रायव्हरच्या पायांकडे होती. ड्रायव्हरनं ॲक्सिलरेटर दाबायच्या आधी ते पेला पुढे कलवत, ब्रेकवर पाय जाताना मागे. ते म्हणाले की चहा सांडत नसतो, तो फक्त मागे राहतो. जीप पुढे निघते, त्याला कोणी सांगितलेलं नसतं. आपण पेला वाकवून त्याला सांगायचं. पोहोचेपर्यंत माझ्या पँटवर पाच डाग होते. मी मोजले. त्यांनीही मोजले, मोठ्यानं, बाकीच्या प्रवाशांना ऐकू जाईल असे.

त्यांच्या शास्त्राचा सगळ्यात मोठा प्रयोग मानोऱ्याला भाच्याच्या लग्नात झाला. जेवण मंगरूळपीरला शिजलं होतं. डाळीची देग गळ्यापर्यंत भरलेली, झाकण घट्ट बसेना, आणि टेम्पोत नेताना ती सांडणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. हमीदभाई ड्रायव्हरशेजारी बसले आणि त्यांनी हुकूम दिला की काटा वीसवर न्यायचा तो इतक्या हळू की काट्यालाही कळता कामा नये, आणि मग मानोऱ्यापर्यंत तिथून हलवायचा नाही. सरळ रस्त्यावर एक थेंब सांडला नाही. एका वळणावर मात्र मागून डाळ उसळली आणि देग धरून बसलेल्या पाहुण्याचा पायजमा पिवळा झाला. ड्रायव्हर शपथेवर सांगू लागला की काटा वीसवरच होता. हमीदभाईंनी त्याला दोष दिला नाही. काटा नाही हलला, दिशा हलली, असं ते म्हणाले. वळणं म्हणजेसुद्धा पिकपच, फक्त तो बाजूनं लागतो. मग पुढच्या प्रत्येक वळणाआधी टेम्पो दहावर आणला गेला. डाळ पोहोचली, जवळपास पूर्ण पोहोचली. तोवर वऱ्हाडानं आधी पोहोचलेला भात कोरडाच खाऊन हात धुतले होते.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. तस्नीमचं तसं नव्हतं.

तस्नीम ही त्यांची धाकटी मुलगी. बी. ए. झालेली, बापासारखीच किरकोळ आणि बापापेक्षा कमी बोलणारी. तिला पोलीस व्हायचं होतं. भरतीला मुलींना आठशे मीटर धावावं लागतं, गोळा फेकावा लागतो आणि शंभर मीटर धावावं लागतं. आठशेत तिचा दम चांगला होता, गोळाही बरा जायचा. शंभर मीटर तिचे गुण खायचे. पहिल्या खेपेला ती बरीच मागे राहिली. तेव्हा हमीदभाईंनी निदान केलं की पोरीला पिकप नाही आणि शिकवणी स्वतःकडे घेतली. भाभींनी लगेच सगळ्या गल्लीला सांगितलं की गिऱ्हाइकांच्या गाड्या पडून आहेत आणि पोरीचं सर्व्हिसिंग चालू आहे.

शाळेच्या मैदानावर पाहायला गर्दी जमते म्हणून तस्नीमला तिथे नको होतं. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात, फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत, एक सपाट मुरमाचा पट्टा होता. तो मोजून देण्यासाठी मला बोलावलं. फाटक ते भिंत अंतर भरलं एकशे चार मीटर. मी दोन मीटर फाटकाकडे सोडले, दोन भिंतीकडे सोडले आणि मधले शंभर मीटर फक्कीच्या रेघांनी पक्के केले. एक सेंटिमीटर इकडे नाही, तिकडे नाही. त्या मापाचा मला अभिमान होता.

हमीदभाई तिला सुरुवात शिकवायचे. बंद पडलेल्या ट्रकला धक्का मारणारा माणूस सरळ उभा राहून मारतो का, असं विचारायचे. वाकून मारतो, पाय मागे रोवून मारतो. तसंच जमिनीला मागे ढकल, घाईनं उभी राहू नको. रोज पहाटे ते सुरुवातीच्या रेघेशी उकिडवे बसत, तिची पहिली दहा पावलं डोळे बारीक करून पाहत आणि लगेच पाठ फिरवून विडी पेटवत. त्यांच्या मते पुढे पाहण्यासारखं काही नसे. मी भिंतीकडच्या रेघेवर मोबाईलचं घड्याळ धरून उभा असे. वेळ सोळा पूर्णांक तीनवरून सोळावर आली आणि तिथेच थांबली. दुसऱ्या भरतीत तस्नीम एका गुणानं राहिली.

तिसरी भरती निघाली तेव्हा तिच्या वयाच्या अटीत बसणारी ती शेवटचीच होती. घरात यावर कोणी बोलत नसे. हमीदभाईंनी मात्र त्या महिन्यात कोणाच्याच पिकपवर शेरा मारला नाही, यावरून मी काय ते समजलो. घड्याळ रोज सोळा दाखवत होतं. सोळा शून्य, सोळा एक, पंधरा नऊ, पुन्हा सोळा.

एका सकाळी त्यांनी मला निरोप पाठवून टेप घेऊन बोलावलं. गॅरेजसमोर थांबलेला एक ट्रक निघून गेला होता, त्याचं इंजिन तेल गळत होतं आणि रस्त्यावर थेंबांची रांग पडली होती. जिथून ट्रक निघाला तिथे थेंब दाट, मग विरळ, आणखी विरळ. गळती सारखीच, म्हणजे प्रत्येक दोन थेंबांमधला वेळ तोच. अंतर वाढलं म्हणजे वेग वाढला. हमीदभाईंनी मला रांगेतली एक जागा दाखवली जिथे अंतर काही थेंब वाढत नव्हतं. इथं त्यानं गिअर बदलला, ते म्हणाले. मी टेप लावून पाहिलं. खरंच वाढत नव्हतं.

"आता सांगा," ते म्हणाले, "पोरगी तेल गाळत गेली तं?"

पोरीला गाळायला लावायचं ठरलं. दवाखान्यातून सलाईनची रिकामी बाटली आणि नळी आली. बाटलीत निळीचं पाणी भरून ती तस्नीमच्या पाठीवर जुन्या ट्यूबच्या पट्ट्यानं बांधली. जमिनीवर फूटभर रुंद फक्कीचा पट्टा मारला, म्हणजे पांढऱ्यावर निळा थेंब दिसावा. नळीचं चाक फिरवून सेकंदाला चार थेंब लावले. तस्नीम बाटली बांधून उभी राहिली आणि म्हणाली की लोकांना वाटेल मी भरतीला नाही, भरती व्हायला चालले.

पहिले तीन प्रयत्न वाया गेले. बाटली हिंदकळली, नळी निसटली, एकदा सगळी नीळ तिच्या बुटात गेली. शिवाय माझा एक आक्षेप होता. थेंब सुटतो तिथेच पडत नाही. तो सुटताना तस्नीमच्याच वेगानं पुढे जात असतो, म्हणून थोडा पुढे पडतो. हमीदभाईंनी यावर मान्यतेनं मान हलवली आणि विचारलं की ती पळत असताना सगळेच थेंब पुढे पडतात ना. मी म्हटलं, सारखे नाही, वेगाप्रमाणे कमीजास्त. ते म्हणाले, मग तेवढं तुमी घरी बसून पाहून घ्या. चौथ्या प्रयत्नात रांग नीट उमटली. चौसष्टपैकी अठ्ठावन्न थेंब सापडले. मी गुडघ्यांवर बसून एकेक अंतर मोजलं आणि घरी जाऊन चौकटीच्या कागदावर मांडलं.

कागद पाहून मी पुन्हा आकडे तपासले. मग तिसऱ्यांदा तपासले.

तस्नीमच्या पिकपमध्ये काही खोट नव्हती. अंतरं वीतभरापासून सुरू होऊन भराभर वाढली होती आणि बारा मीटरच्या आसपास पावणेदोन मीटरवर स्थिरावली होती. तिथून पुढे पट्टाभर तेच. पण पंच्याऐंशी मीटरनंतर ती आटू लागली. एक मीटर सत्तर, एक साठ, एक पंचेचाळीस, एक तीस. शेवटचं एक मीटर दहा.

हमीदभाई कागद पाहून म्हणाले की तुमचा टेप चुकला. मला राग आला. मी लोकांच्या धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, भांडणं त्या टेपनं मिटवली आहेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा धाव, पुन्हा थेंब, पुन्हा मोजणी, आकडे तेच. दमली असेल म्हणावं तर आठशे मीटर न दमणारी मुलगी पंच्याऐंशीत दमत नाही. तेव्हा हमीदभाई उठले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा चालत चालत त्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला आले, जिथे मी रोज उभा राहत होतो.

ते भिंतीपाशी थांबले. भिंतीला छातीच्या उंचीवर हातांचे ठसे होते. दोन तळवे, त्यावर दोन, त्यावर आणखी दोन. चुना झिजून आतली वीट दिसायला लागली होती. तस्नीम रोज तिथे हात टेकून थांबत होती. रेघेनंतर दोन मीटरवर भिंत. पूर्ण वेगानं रेघ ओलांडली असती तर तिचं तोंड फुटलं असतं. म्हणून तिचे पाय, तिला न सांगता, पंधरा मीटर आधीच ब्रेक लावायला शिकले होते. आणि एकदा शिकले म्हटल्यावर भरतीच्या मोकळ्या मैदानावरही त्यांनी तेच केलं असणार. मी समोर उभा होतो तरी मला ते दिसलं नव्हतं. सरळ अंगावर येणारा माणूस वेग कमी करत असेल तर कळत नाही.

हमीदभाईंनी आपले तळवे त्या ठशांवर ठेवून पाहिले. मग त्यांनी मुलीला बोलावलं.

"तस्नीम, तुहा पिकप पयल्यापासून बरा होता," ते म्हणाले. "दोन वर्सं म्या तुले सुरू व्हाले शिकवून राह्यलो. थांबाले तू या भितीपासून शिकली अन् म्या इकडं पाह्यलंच नाई. मागचा नंबर तुह्यानं नाई गेला. माह्यानं गेला."

मी म्हटलं की भिंतीला लागून शंभर मीटर मीच मोजले होते. माझ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. तस्नीमनं त्या ठशांवरून हात फिरवला.

"मंग आता भिताड पाडता का, अब्बा?" तिनं विचारलं.

भिताड पाडायची गरज नव्हती. तिनं भिंतीपासून सुरू होऊन फाटकाकडे धावायचं ठरलं. फाटक उघडं ठेवायचं, आणि मुक्कामाची रेघ विसरून रस्त्यापलीकडच्या पत्र्याच्या शेडपर्यंत जायचं. हातात अठरा दिवस होते. अडचण एवढीच की मध्ये मानोरा रस्ता होता. तो हमीदभाईंनी आपल्याकडे घेतला. पहाटे ते रस्त्याच्या मधोमध लाल फडकं घेऊन उभे राहत आणि दोन्ही बाजूंची वाहनं अडवत. एका ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "काहून थांबवलं चाचा, रेल्वे येऊन राह्यली का?"

"पोरगी येऊन राह्यली," हमीदभाई म्हणाले. "तिले ब्रेक नाई."

ट्रॅक्टरवाला घाबरून दहा फूट मागे गेला.

शिकलेलं विसरायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे मी त्या दिवसांत आकड्यांत पाहिलं. पहिला आठवडाभर तिचे पाय फाटकाशी अडखळत. नवव्या दिवशी पंधरा पूर्णांक सात. सोळाव्या दिवशी पंधरा चार. पण ते आमच्या फाटकातलं होतं. वाशीमच्या मैदानावर शिट्ट्या, रेघेवर उभी माणसं, शेजारच्या पट्ट्यात अनोळखी मुली. तिथे पाय पुन्हा काय ठरवतील हे कोणत्याच थेंबानं सांगितलं नव्हतं.

भरतीच्या दिवशी आम्हाला आत सोडलं नाही. आम्ही दोघं मैदानाच्या जाळीच्या कुंपणाबाहेर, शंभर मीटरच्या शेवटच्या रेघेच्या जवळपास उभे होतो. हमीदभाईंनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. त्यांची बोटं जाळीत अडकलेली होती. तस्नीमचा गट उभा राहिला. इशारा झाला आणि मी मोबाईलचं बटण दाबलं.

सुरुवात चांगली होती, ती मी नीट पाहिलीही नाही. मी पंच्याऐंशीची वाट पाहत होतो. आतल्या चुन्याच्या खुणांवरून ती जागा मी आधीच हेरून ठेवली होती. तस्नीम तिथे आली आणि तिथून गेली. शेजारची मुलगी रेघेसाठी छाती पुढे काढून झेपावली. तस्नीमनं रेघेकडे पाहिलंसुद्धा नाही. मी बटण दाबलं. पंधरा पूर्णांक चार.

पुढे यादी लागली, तिच्यात तस्नीमचं नाव आलं, तिचं प्रशिक्षण झालं आणि तिची नेमणूक दुसऱ्या जिल्ह्यात झाल्यावर हमीदभाई गॅरेज विकून भाभींसह तिच्याकडे राहायला गेले. तिथेच गेल्या हिवाळ्यात ते वारले. मला दोन दिवस उशिरा कळलं. त्यांना गाव सोडताना मी भेटलो होतो, पण त्या भेटीतलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते हे मैदान.

बाकीच्या मुली रेघेनंतर दहा-पंधरा पावलांत थांबून कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. तस्नीम पळतच होती. एक शिपाई हात वर करून थांब म्हणत होता, तिला ऐकू गेलं नसावं. मी आकडा सांगायला वळलो तर माझ्या शेजारी कोणी नव्हतं. एकसष्ट वर्षांचा तो माणूस, डाव्या गुडघ्यावर झुकत, एका पायातली चप्पल मागेच टाकून, कुंपणाच्या बाहेरून तिच्या बरोबरीनं पळत सुटला होता. बरोबरीनं कसला, ती केव्हाच पुढे गेली होती. तरी ते पळत होते, बोटं जाळीवरून घासत, आणि जाळी खणखण वाजत कोपऱ्यापर्यंत गेली.